शब्द नको, आकडा सांग

वहिनी: …आणि गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरायच्या नाहीत. डबीत गेली की गोळीचं नाव जातं. विमानतळावर कुणी विचारलं, ही कसली, तर काय सांगशील? पांढरी आहे म्हणून?

धाकटा: गोल आहे असंही सांगीन.

वहिनी: कर, थट्टा कर. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच कप्प्यात ठेवलीय, गोळ्यांच्या मांडीला मांडी लावून. आणि ही सगळी पिशवी हातातल्या बॅगेत न्यायची. मोठी बॅग चुकून भलत्याच देशात उतरली, तर तिच्याबरोबर औषधं गाव फिरायला नकोत.

धाकटा: वहिनी, जायला दोन आठवडे आहेत अजून. भरलेली बॅग अशी पलंगावर पसरून ठेवलीस, तर शेजारचे आजच निरोप द्यायला येतील.

वहिनी: येऊ देत. चहा देईन. तुला टाकू का?

धाकटा: नको.

वहिनी: चहाला नाही? तू? मी या घरात आले तेव्हा अर्ध्या चड्डीतला तू दाराआडून मला बघायचास, आणि माझ्या कपाच्या तळाची साखर बोटानं चाटायचास. चहाला नाही म्हणणारं तोंड नाही हे.

धाकटा: कंपनीत झाला ना आत्ताच.

वहिनी: आज दुपारीच कसा आलास पण?

धाकटा: पॅनेलची वायरिंग झाली. पुढचा माल उद्या येणार. साहेब म्हणाले, जा घरी.

वहिनी: तुझ्या साहेबांना दयाही येते म्हणायची. बस ना इकडे. लांब का बसलास खिडकीत, पाहुण्यासारखा?

धाकटा: इथं वारा आहे.

वहिनी: बरं, ऐक. लांब बाह्यांचे शर्ट खाली ठेवलेत. दिवस कलला की बाह्या खाली आल्याच पाहिजेत. डासांचं मलम घोट्यांना आधी लावायचं. माणूस तोंडाला फासतो आणि डास टेबलाखालून पाय जेवतो. ही मच्छरदाणी. तिथल्या खोलीत असेल, तरी ही लावायची. गादीखाली खोचून, चारी बाजूंनी. बाळाला गुंडाळतात तशी.

धाकटा: मग अंगाईचं कसं?

वहिनी: फोनवर म्हणीन. मलेरियाच्या गोळ्या रोज जेवणावर, एकाच वेळी. आणि घरी परत आलास की लगेच बंद नाही करायच्या. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस घ्यायच्या. आलो बाई घरी, सुटलो, असं माणसाला वाटतं. रक्तात घुसलेल्याला कुठं ठाऊक असतं आपलं घर आलं ते! आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी जरी अंग गरम झालं, तरी डॉक्टरपुढं पहिलं वाक्य काय?

धाकटा: "मी तिकडं जाऊन आलोय."

वहिनी: "डॉक्टर, पडसं झालंय" नाही.

धाकटा: नाही.

वहिनी: खाण्यापिण्याचं छकुलीनं तुला शिकवलंय. म्हण.

धाकटा: वहिनी, माझं वय बघ.

वहिनी: म्हण की. मी आणि तिनं मिळून जुळवलंय ते, तिच्या केसांना तेल लावता लावता.

धाकटा: "पाणी उकळून, फळ सोलून, बाकीच्याला हात जोडून."

वहिनी: आणि बर्फ?

धाकटा: बर्फ म्हणजे पाण्याचाच भाऊ.

वहिनी: शाबास. गाडीत मागं बसलास तरी सीटबेल्ट. कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसायचं नाही, मग तो कितीही गोड बोलो. गाडी हॉटेलातूनच मागवायची, रस्त्यावर हात करून नाही. खोली तळमजल्यावर नको, फार वरही नको. पोचलास की आधी जिना कुठं आहे ते चालून बघायचं, मग आंघोळ. पासपोर्टची एक प्रत बॅगेत, एक माझ्याकडं. हॉटेलचा पत्ता तिथल्या भाषेत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवायचं. जीभ अडली तरी कार्ड बोलतं.

धाकटा: हे सगळं कालच सांगितलं आम्हाला सिस्टरनी. कंपनीच्या दवाखान्याच्या त्या खोलीत, भिंतीवर चित्रं लावून. आणि शेवटच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, ते मी पाहिलं नाही असं वाटलं का तुला?

वहिनी: मी काय लपून बसले होते?

धाकटा: परदेशी निघालेल्या दर तुकडीच्या वेळी बसतेस म्हणे. सिस्टर सांगत होत्या. कोण जातंय, कुठं जातंय, तुझ्या ओळखीचंही नसतं. पोरं विचारतात, या बाई कुठल्या खात्यातल्या?

वहिनी: मग काय सांगतात सिस्टर?

धाकटा: सांगतात, "त्या ऐकायला येतात."

वहिनी: बरोबरच आहे की. एकदा ऐकायचं चुकलं. आता प्रत्येक वेळी ऐकते.

धाकटा: झालं. आलीस तिथंच.

वहिनी: मी कुठं गेलेच नाही तर येईन कुठून? बरं, रोज फोन करायचा.

धाकटा: करीन.

वहिनी: काय सांगशील?

धाकटा: बरा आहे म्हणून.

वहिनी: नाही चालायचं. "बरा आहे" हे काय सांगणं झालं? ते तर तोंडावर दार लावून घेणं. काय खाल्लंस, कुठं झोपलास, पोट कसं आहे, ते सांगायचं. आणि अंग गरम झालं तर?

धाकटा: अंग गरम आहे असं सांगीन.

वहिनी: नुसतं तसं नाही. आकडा सांगायचा. थर्मामीटर लावायचं आणि दिसेल तो आकडा सांगायचा. शब्द नको. शब्दाची दोन-दोन घरं असतात रे, एका घरी जेवतो नि दुसऱ्या घरी झोपतो. आपण जावं एका दारी, तर तो भलत्याच दारी सापडतो. आकड्याचं तसं नाही. त्याला एकच घर.

धाकटा: वहिनी, एक बोलू?

वहिनी: बोल.

धाकटा: तो शब्द एकदा म्हण ना. वर्ष झालं. परवा छकुलीनं शाळेतून फोन केला, "काका, मला ते आलंय." मला कळेना, काय आलंय? परीक्षेचे मार्क आले, पाहुणे आले? मी विचारतोय, ती रडतेय. शेवटी बाईंनी फोन घेतला तेव्हा समजलं, पोरीचं अंग फणफणलंय.

वहिनी: मग समजलं ना? घेऊन आलास ना तिला?

धाकटा: समजलं, पण एवढीशी पोर साधा एक शब्द तोंडातून काढत नाही या घरात. तुझ्या तोंडाकडं बघून.

वहिनी: साधा? ताप. घे. म्हटला. झालं समाधान? ताप, ताप, ताप. काय होता रे हा शब्द आपल्या घरात? लाइट गेली की ताप. रिक्षा मिळाली नाही की ताप. तुझं लग्न जमत नव्हतं तो ताप. तुझा दादा सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकायचा तो "डोक्याला ताप आहे नुसता" म्हणतच सरळ व्हायचा. साहेब ताप, मशीन ताप, पगाराची तारीख ताप. दिवसातून दहादा ऐकलेला शब्द तो. त्यानं तिकडून फोनवर म्हटलं, "फार ताप आहे गं." मी काय समजायचं?

धाकटा: मीही तेच समजलो असतो.

वहिनी: तू समजला नाहीस. मी समजले. मी म्हणाले, "अहो, ताप काय तिकडंच आहे होय? इथं पाण्याची मोटर जळलीय, छकुलीच्या बाईंनी भेटायला बोलावलंय आणि तुमच्या बंधुराजांनी तिसरी मुलगी नाकारलीय, म्हणे हसताना हिरड्या दिसतात."

धाकटा: दिसत होत्या गं.

वहिनी: तो हसला. खूप हसला. मला वाटलं, चला, मी जरा मन रमवलं त्याचं. मग मी अजून सांगत गेले. मोटरवाला कसा बोलला, त्याची नक्कल केली. तो नुसता हं हं करत होता. नंतर तिकडच्या डॉक्टरांनी कळवलं, मलेरिया डोक्यात गेला, आणायला उशीर झाला. उशीर कुठं झाला, ते मला ठाऊक आहे. माझ्या कानात झाला. जाऊ दे. म्हणून म्हणते, आकडा. हे घे थर्मामीटर. नवीन आणलंय. लावून दाखव.

धाकटा: येतं मला लावायला.

वहिनी: बघू दे तर.

धाकटा: आत्ता कशाला उगाच?

वहिनी: सवय व्हायला. जिभेखाली धर, वाजलं की काढ, मला आकडा सांग. फोनवर सांगितल्यासारखा. मी तिकडं तोंड करून बसते हवं तर.

धाकटा: नंतर करू. जरा पडतो मी.

वहिनी: दुपारचा कधी पडलायस तू? लाव म्हटलं ना. लाव रे, माझ्या समाधानासाठी.

(धाकटा थर्मामीटर जिभेखाली धरतो.)

वहिनी: वाजलं. हां, बोला. कोण बोलतंय? तिकडून बोलतोयस ना? किती?

धाकटा: नॉर्मल.

वहिनी: नॉर्मल हा आकडा आहे का?

धाकटा: अठ्ठ्याण्णव.

वहिनी: बघू.

धाकटा: बंद झालं ते. वहिनी, ओढू नकोस, तुटेल.

वहिनी: सोड हात. सोड! अरे… तुझा हात. देवा, हात केवढा भाजतोय तुझा! एकशे एक. एकशे एक आहे हे! आणि तू मला अठ्ठ्याण्णव सांगतोस? तोंडावर? आकड्यालासुद्धा खोटं बोलायला लावलंस?

धाकटा: लशीचा आहे गं तो. काल दोन टोचल्यात, दोन्ही दंडांवर. येतो म्हणतात थोडा.

वहिनी: कधीपासून?

धाकटा: पहाटेपासून. बहुतेक रात्रीपासून.

वहिनी: रात्री आपण एका ताटलीतले दाणे खात बसलो होतो. मी समोर होते तुझ्या. म्हणून खिडकीत बसलास. म्हणून चहा नको. वायरिंग झाली म्हणे, साहेबांना दया आली म्हणे!

धाकटा: तू घाबरशील म्हणून…

वहिनी: एक शब्द बोलू नकोस. फोन कुठंय माझा? हॅलो, सिस्टर? मी बोलतेय. मागच्या खुर्चीवरची.

(वहिनी फोनचा स्पीकर लावते.)

सिस्टर: बोला ताई. आवाज का असा?

वहिनी: आमच्या धाकट्याला एकशे एक आहे. रात्रीपासून. लपवला त्यानं.

सिस्टर: पुरळ आहे का अंगावर? श्वासाला त्रास? उलट्या?

धाकटा: नाही हो सिस्टर. दंड दुखतोय तेवढा.

सिस्टर: तुम्ही गप्प बसा, तुमच्यावर भरवसा नाही. ताई, तुम्ही बघून सांगा.

वहिनी: शर्ट वर कर. मागं वळ. नाही, पुरळ नाही. श्वास ठीक वाटतोय. उलटी झालेली नाही.

सिस्टर: मग ऐका. हा ताप मीच टोचलाय काल. लस शरीराला शिकवतेय, आणि शरीर शिकताना जरा कुरकुर करतं. तापाची साधी गोळी द्या, पाणी भरपूर, आराम. परवापर्यंत उतरला नाही, किंवा वाढला, किंवा तुम्हाला नुसतं बरं वाटलं नाही, तरी सरळ घेऊन या. मी आहेच.

वहिनी: नक्की लशीचाच ना?

सिस्टर: मला तसंच वाटतंय. पण वाटण्यावर सोडायचं नाही, म्हणून परवा बघायचं. आणि अहो, इंजिनिअर!

धाकटा: काय सिस्टर?

सिस्टर: ताप येणं हा काही गुन्हा नाही. लपवणाऱ्याला मात्र मी तंदुरुस्तीचा दाखला देत नाही. ताई सांगतील तसंच मी लिहीन. ठेवते.

वहिनी: ऐकलंस?

धाकटा: ऐकलं. दे ती गोळी. आता तरी पटलं ना, काही नाही ते? वहिनी… काय करतेयस? शर्ट का काढतेयस बाहेर?

वहिनी: जायचं नाही.

धाकटा: काय?

वहिनी: जायचं नाही तुला. मलम काढलं, मच्छरदाणी काढली. कपाटात जाईल सगळं. सांग साहेबांना, घरून नको म्हणतात.

धाकटा: लशीच्या तापासाठी?

वहिनी: तापासाठी नाही, तोंडासाठी. इथं माझ्यापासून हातभर अंतरावर बसून तू मला अठ्ठ्याण्णव सांगितलंस. तिकडून काय सांगशील? समुद्र ओलांडल्यावर खरं बोलायला लागशील? मी इथं वर्षभर खुर्चीवर बसून डास शिकले, पाणी शिकले, विमा शिकले. आणि शेवटी गाठ कुणाशी? दुखणं चोरीच्या मालासारखं लपवणाऱ्या माणसाशी! एका आईच्या पोटचे दोघंही…

धाकटा: दोघंही म्हणू नकोस.

वहिनी: का? त्यानं तरी सांगितलं होतं. मला कळलं नाही. तू तर सांगितलंही नाहीस.

धाकटा: तसं नाही ते.

वहिनी: कसं नाही?

धाकटा: काही नाही. दे गोळी.

वहिनी: कसं नाही ते बोल. अजून काय दाबून बसलायस? तोंडावर दिसतंय तुझ्या. कालपासून दिसतंय.

धाकटा: वहिनी, नको.

वहिनी: आज एक खोटं पकडलंय तुझं. दुसरं पकडायला लावू नकोस.

धाकटा: काल लस टोचायच्या रांगेत लंबू फिटर माझ्या पुढं होता. तोही परत जातोय. तिकडच्या कामाचं सांगत होता मला. मग खोलीचं सांगायला लागला. तो नि दादा एकाच खोलीत होते ना.

वहिनी: ठाऊक आहे. दादाची बॅग त्यानंच आणून दिली. त्या दिवशी माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही त्यानं. बोल पुढं.

धाकटा: दोन पलंग, मधे एक खुर्ची. खिडकीची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली, तिथं लंबूनं कागद चिकटवलेला. तुझा फोन झाला तेव्हा दादा त्या खुर्चीवर बसला होता. स्वतःचं पांघरूण आणि वरून लंबूचंही. थंडी भरली होती त्याला. तू मोटरचं सांगत होतीस.

वहिनी: हो.

धाकटा: तो हसत होता. आणि दात वाजायला लागले की फोनवर हात ठेवायचा. लंबूला आधी कळेचना, हा मधेच फोन का झाकतोय.

वहिनी: हात ठेवायचा?

धाकटा: फोन झाल्यावर लंबू त्याला म्हणाला, "अरे, सांग की घरी नीट." तर दादा म्हणाला…

वहिनी: काय म्हणाला?

धाकटा: म्हणाला, "तिला वाटलं कामाचाच ताप. वाटू दे. आज तरी निवांत झोपेल."

वहिनी: झोपले.

धाकटा: वहिनी, बस खाली.

वहिनी: झोपले रे मी. निवांत झोपले. फोननंतर संध्याकाळीच मोटर दुरुस्त होऊन आली होती, पिंप भरलं होतं. छकुलीचा पाय माझ्या पोटावर होता. सकाळी जाग आली तेव्हा वाटलं, किती दिवसांनी अशी झोप लागली बाई. आळस दिला मी. त्या सकाळी मी आळस दिला.

धाकटा: मी सांगायलाच नको होतं.

वहिनी: सांगायला त्यानं हवं होतं! वर्षभर मी माझेच कान उपटतेय. नवरा जिवाच्या आकांतानं सांगतोय आणि तू मोटरवाल्याची नक्कल करतेस, बाई! आणि त्याला ठाऊक होतं. मला समजलेलं नाही, हे त्याला समजलं होतं. एका वाक्याचं तर काम होतं. "तसला नाही गं, अंगातला." झालं! किती श्वास लागला असता?

धाकटा: मायेपोटीच केलं ना त्यानं.

वहिनी: माया! कुणी मागितली होती ती झोप? मी पदर पसरला होता का झोपेसाठी? मी आरडाओरडा केला असता. सिस्टरना उठवलं असतं, साहेबांच्या दारावर धडका दिल्या असत्या. लंबूला फोनवर शिव्या घातल्या असत्या की उचल त्याला, खांद्यावर घे, ने दवाखान्यात. वाचला असता की नाही, कुणास ठाऊक. पण मला ओरडायला मिळालं असतं रे. बायको होते मी त्याची. माझं ओरडणं त्यानं परस्पर वाचवून ठेवलं. आता ते कुणावर ओरडू?

धाकटा: माझ्यावर ओरड.

वहिनी: ओरडतेच आहे. पाणी दे.

धाकटा: घे. सावकाश. वहिनी, एक सांगतो. तू नको म्हण, मी नाही जाणार. उद्याच साहेबांना सांगतो. दुसरा कुणी जाईल ते पॅनेल तिकडं बसवायला. पॅनेल काय माझ्यावाचून अडलेलं नाही.

वहिनी: अडलंय. तूच जोडलंयस ते. वर्षभर रात्रीच्या जेवणात मीठ कमी आणि पॅनेल जास्त असायचं.

धाकटा: तरी नाही जाणार. तू म्हणशील तसं.

वहिनी: आणि मी ठेवून घेतलं तर काय होईल? इथंच राहशील, शेजारच्या खोलीत. बरं नसलं की खिडकीत जाऊन बसशील. वारा आहे म्हणशील. लपवणाऱ्याला विमान लागत नाही, बारक्या.

धाकटा: मग काय करू मी?

वहिनी: बोल. काय होतंय तुला?

धाकटा: सांगितलं की, एकशे एक…

वहिनी: आकडा समजला. आता बाकीचं.

धाकटा: दंड ठणकतोय. डावा जास्त. रात्री कुशीवर वळता येत नव्हतं.

वहिनी: अजून?

धाकटा: डोकं. डोळ्यांच्या मागं कुणीतरी बसून ढकलतंय असं.

वहिनी: अजून?

धाकटा: चहाचा वास नको वाटतो. दुपारी कंपनीच्या जिन्यात जरा बसलो होतो. चक्कर नव्हे, पण पायांना वाटलं, बसावं.

वहिनी: अजून बोल.

धाकटा: भीती वाटते.

वहिनी: कुठं?

धाकटा: कुठं म्हणजे?

वहिनी: दुखणं कुठं आहे असं विचारतातच ना? तसंच. भीती कुठं आहे?

धाकटा: इथं. बेंबीच्या वर. लंबूनं खोली सांगितली तेव्हापासून. मला तेच हॉटेल दिलंय कंपनीनं. मी बदलून मागितलं नाही. मला ती खुर्ची बघायचीय, आणि बघायचीही नाही.

वहिनी: मलाही तिथंच आहे. बेंबीच्या वर. दगड ठेवल्यासारखं.

धाकटा: हो. दगडच.

वहिनी: असं बोलशील तिकडून?

धाकटा: बोलेन.

वहिनी: मी ओरडेन. तुझ्यापाशी साहेब बसलेले असोत नाहीतर तिथला राजा बसलेला असो.

धाकटा: स्पीकरवर लावीन. राजालाही ऐकू दे.

वहिनी: आणि त्या खोलीत गेलास, तर खुर्ची कशी आहे तेही सांगायचं. मला झोप लागणार नाही म्हणून लपवायचं नाही. नाही लागली झोप तर नाही लागली. माझी झोप मी बघेन.

धाकटा: सांगीन. खिडकीतून काय दिसतं तेही.

वहिनी: मग जा.

धाकटा: वहिनी…

वहिनी: जा म्हटलं ना. दाखल्यावर लिहा म्हणून परवा मीच सांगेन सिस्टरना, तोवर उतरला तर. बॅग उद्या भरीन पुन्हा. आता आडवा हो. ते शर्ट बाजूला सार, त्यांच्यावर नको झोपूस, इस्त्री केलीय. गोळी घेतलीस?

धाकटा: घेतली आत्ता, तुझ्यासमोर. तासाभरात उतरेल बघ. हे काय, वाडग्यात पाणी कशाला?

वहिनी: कपाळावर पट्टी ठेवते.

धाकटा: गोळी घेतली ना. कुणी ठेवत नाही आता पट्ट्या. सिस्टरही काही म्हणाल्या नाहीत.

वहिनी: मलाही ठाऊक आहे रे, गरज नाही ते. पड गप. मला ठेवू दे. माझी ठेवायची राहून गेलीय.